पैसे न मागणारा दलाल

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैलांचा बाजार भरतो, तेव्हा सकाळच्या पारी माळावर धुकं कुठं संपतं आणि धुरळा कुठं सुरू होतो ते सांगता येत नाही. त्या माळावर काळूरामने चाळीस वर्षं दलाली केली. डोक्याला मळकट फेटा, खांद्यावर उपरणं आणि नजर कायम खाली. विकणारा बैलाची तारीफ करत असायचा आणि काळूराम खुरांकडे बघत असायचा. मग म्हणायचा, "जरा त्या चढावर न्या बघू." सपाटीवर झाकलेली मागच्या पायाची खोड चढावर लगेच दिसते. शिंगं नव्याने तासलेली, तेल लावलेली असली की तो वयाबद्दल दोनदा विचारायचा. पोट फार गोल दिसलं की हसून म्हणायचा, "रातचं मीठ किती चारलंत, पाटील?" मीठ चारून पाणी पाजलं की हडकुळा बैलसुद्धा बाजारापुरता भरलेला दिसतो.

हा संशय तो बाजार संपल्यावर माळावर सोडून येत नसे, घरी घेऊन यायचा. नवं मडकं आणलं की ते वाजवून बघणार, पाणी भरून रात्रभर फडक्यावर ठेवणार, सकाळी फडकं चाचपणार. औषधाची बाटली दुकानदाराला दिव्याखाली धरायला लावणार. त्याची बायको सकुबाई आल्यागेल्याला सांगायची, "लगनात मला पन चढावर चालवून बघितलं असतं यांनी. माझा बापूस मधी पडला म्हनून वाचले."

"बघायला पायजे होतं," काळूराम म्हणायचा. "आज गुडघे धरून बसली नसतीस."

पण या संशयी माणसाचा एका गोष्टीवर पुरा विश्वास होता, आणि ती म्हणजे गूळ. काळूरामच्या पिढीतल्या दलालांची ती रीत होती. बाजारात उतरलं की ज्याला दलाल हवा असेल तो दलालाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. दलालाने तो तोंडात टाकला की त्या दिवसापुरता तो त्या माणसाचा झाला. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा तो मग त्याच्या बाजूने. दलाली घ्यायची ती त्याच्याकडूनच. समोरच्याचे पैसे शिवायचे नाहीत. आणि गूळ खाल्लेल्या दलालावर गिऱ्हाइकाने संशय घ्यायचा नाही. घेतला तर तो दलालाचा नाही, गूळ देणाऱ्याचाच कमीपणा.

काळूरामला एकच मुलगी, रुपा. आमच्या मुरबाडच्या बाजूने तिकडं शहापूर तालुक्यात जाऊन शेणव्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका झाली. तिशी आली तरी लग्नाचं मनावर घेत नव्हती. गावात बायका कुजबुजायच्या. काळूराम एवढंच म्हणायचा, "स्थळं चढावर टिकत नायत." रुपा शहापुरात एका खोलीत भाड्याने राहायची. शनिवारी एसटी धरून सरळगावला उतरायची आणि तिथून घरी यायची. घरी आली की आईच्या गुडघ्यांना तेल चोळत बसायची.

दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर एका शनिवारी ती आली आणि तेल चोळता चोळता म्हणाली, "आये, मी घर घेते. शहापूरजवळ सापगावला नवी बिल्डिंग झालीय, पुलाच्या अलीकडं. खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी हाय. तुला एकपण पायरी चढायला लागनार नाय. मागं तुळस लावायला जागा. तुमी दोघं तिकडंच या. दवाखाना जवळ."

सकुबाईचा हात नकळत गुडघ्यावरून फिरला. या घरातून बाहेर पडायला तिला तीन उंच पायऱ्या उतराव्या लागत, आणि गेल्या पावसाळ्यात ती चार महिन्यांत दोनदाच अंगणात आली होती.

"किती सांगतो?" काळूरामने विचारलं.

"तीन लाख चाळीस. माझ्याकडं नव्वद हायत. अडीच लाख लोन."

"बिल्डर कोन?"

"शामशेठ म्हनतात त्याला. संक्रांतीपर्यंत खालची खोली धरून ठेवतो म्हनालाय. त्याच्यापुढं नाय. खालच्या मजल्यावर दोनच खोल्या हायत, बा. एक गेली."

काळूराम दुसऱ्या दिवशी सापगावला गेला. भिंतींवर टिचक्या मारल्या, नळ सोडून बघितले, संडासात बादलीभर पाणी ओतून ते कुठं जातं ते पाहिलं. शामशेठ त्याच्या मागे मागे फिरत होता. शेवटी काळूराम म्हणाला, "घर बरं हाय," आणि शामशेठने सुटकेचा श्वास सोडला. एवढं काळूरामने कुठल्या बैलाबद्दलही कधी म्हटलं नव्हतं.

प्रश्न राहिला कर्जाचा. त्या दिवसांत घराची कर्जं मिळवून देणारी पोरं गावोगाव फिरू लागली होती. वैशाखरे गावचा कुंडलिक त्यांतलाच. बारावीपर्यंत शिकलेला, मुरबाडच्या नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकून बसायचा. मोटरसायकल नवी, इस्त्रीचा शर्ट, काखेत चामडी बॅग. रुपाच्या शाळेतल्या एका गुरुजींचं काम त्याने केलं होतं. रविवारी तो स्वतःच घरी आला आणि चपला बाहेर काढून काळूरामच्या पाया पडला.

"काळूमामा, तुमाला कोन ओळखत नाय! माझ्या आज्याने तुमच्या हातून बैल घेतलावता."

"लंगडला का?"

"नाय वो, बारा वर्षं चालला."

"मग बरोबर," काळूराम म्हणाला आणि घोंगडीवर थोडा सरकला.

कुंडलिकने बॅग उघडली. पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म, फोटो कुठं चिकटवायचे, सह्या कुठं करायच्या, सगळं भराभर सांगितलं. "मॅडमना काही धावपळ नको. त्यांची पगाराची बँक हाय, खाजगी कंपन्या हायत. मी सगळीकडं बघतो. जिथं चांगलं बसेल तिथं फाइल टाकतो. पास करून आनतो. फास्ट काम."

"आनि तुझं किती?" काळूरामने विचारलं.

"माझं काय?"

"दलाली रे. तुझी दलाली किती?"

कुंडलिक हसला. "तुमच्याकडनं एक पैसा नको, मामा. आमी गिऱ्हाइकाकडनं घेतच नाय."

काळूराम त्याच्याकडे बघत राहिला. मग दाराबाहेरच्या मोटरसायकलकडे बघितलं. "मग ही गाडी तेलावर चालते का आशीर्वादावर?"

रुपा ओशाळली. "बा!"

"तसं नाय मामा, आमाला कंपनी देते, बँक देते. तुमच्या खिशाला हात नाय. चहा पाजलात, पावलं."

तो चहा पिऊन गेला. त्याच्या गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला तरी काळूराम उंबऱ्याशी उभाच होता.

"चांगला पोरगा हाय," सकुबाई म्हणाली.

"पैसे मागत नाय."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसं? चाळीस वर्षांत पैसे न मागनारा दलाल मी बघितला नाय. जो माझ्याकडनं घेत नाय तो समोरच्याकडनं घेतो. समोरच्याकडनं घेतो तर समोरच्याचा मानूस. माझ्या घरी बसून समोरच्याचं काम करतोय तो. चहा माझा प्यायला."

"बा, बाजार नाय तो," रुपा म्हणाली. "हल्ली असंच असतं. बँका कमिशन देतात."

"कोन जास्त देतं?"

"म्हंजे?"

"सगळीकडं बघतो म्हनाला ना. सगळ्या सारखंच देतात का?"

रुपाने आईच्या गुडघ्यासाठी दुसऱ्यांदा तेल घेतलं आणि विषय सोडून दिला. तो तिथंच धरला असता तर पुढचं काही घडलं नसतं. काळूरामने नेमका प्रश्न विचारला होता. चुकला तो उपाय शोधताना.

त्याने चार दिवस विचार केला. रात्री कुशी बदलल्या. त्याच्या हिशेबाला एकच तोड होती: दलाल समोरच्याचा असेल तर त्याला आपला करून घ्यायचा. गुरुवारी त्याने फेटा बांधला, धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा बांधला आणि भाताच्या पैशांतले एक हजार एक रुपये कागदात गुंडाळून मुरबाडला गेला. झेरॉक्सच्या दुकानात यंत्राचा हिरवा उजेड येत-जात होता. काळूरामने कुंडलिकचा उजवा हात धरला, उघडला, त्यावर गूळ ठेवला, आणि डाव्या हातात पैसे.

"हे काय मामा?"

"तोंडात टाक."

"अवो, पैसे कशाला—"

"तोंडात टाक म्हनतो ना."

कुंडलिकने गूळ तोंडात टाकला. पैशांकडे क्षणभर पाहिलं आणि शर्टाच्या खिशात घातले. "तुमी मोठी माणसं," तो म्हणाला. "तुमचं मन कशाला मोडू."

काळूराम घरी आला तेव्हा त्याची चाल बदलली होती. सकुबाईला म्हणाला, "आता तो आपला झाला." त्या रात्री त्याला शांत झोप लागली. मला ही गोष्ट नंतर त्यानेच सांगितली, आणि सांगताना त्या झोपेची त्याला सगळ्यात जास्त चीड येत होती.

महिन्याभराने कुंडलिक परत आला. या वेळी बॅग न उघडताच बोलला. "मॅडम, तुमच्या बँकेने नाय म्हटलं. बिल्डिंगचा काहीतरी कागद त्यांना पटत नाय. पन काळजी नको, कंपनीत काम झालं. अडीच लाख पास. पंधरा वर्षं. साडेदहा टक्के."

"साडेदहा?" रुपा म्हणाली. "गुरुजी म्हनत होते, बँकेचा नऊच्या आसपास हाय."

"बँकेने दिलं असतं तर नऊ. देत नाय ना. दीड टक्क्याने काय होतं मॅडम, महिन्याला दोनशे रुपये. एक साडी कमी. फक्त अडीच हजार फी भरा, ती परत नाय मिळत. आनि पुढच्या सोमवारी सह्या. शामशेठची मुदत संपत आलीय ना?"

"बँकेने तसं लिहून दिलंय का?"

कुंडलिकने काळूरामकडे पाहिलं. तेवढंच पुरलं.

"रुपे," काळूराम म्हणाला, "गप. त्याने गूळ खाल्लाय आपला."

"बा, मी नुसतं विचारते—"

"विचारायचं नाय. विचारायचं होतं ते मी आधी विचारलं. आता संशय घ्यायचा तर तो माझ्यावर घेतल्यासारखं होईल."

ज्याने मडक्यालासुद्धा रात्रभर फडक्यावर बसवलं, त्याच्या तोंडून हे ऐकून सकुबाई चुलीकडून वळून बघू लागली. रुपाने अडीच हजार मोजून दिले. पावती कंपनीची होती, शिक्क्याची होती. पण शिक्का बघून तिचं मन शांत झालं नाही. बापाचा आयुष्यभराचा संशय जणू त्या दिवशी त्याच्या खांद्यावरून उतरून तिच्या खांद्यावर येऊन बसला.

सोमवारी सह्या होत्या. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती पगार काढायला बँकेत गेली. खिडकीवर पैसे घेतले, निघाली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. कर्जाच्या टेबलावर एक मध्यमवयीन मॅडम बसल्या होत्या, चष्मा दोरीला बांधलेला.

"माझा अर्ज तुमी नाकारला. कुठला कागद कमी होता तेवढं सांगाल का? सापगावच्या बिल्डिंगचा."

मॅडमनी नाव विचारलं. एक वही काढली, मग दुसरी. बोट वरून खाली नेलं, पुन्हा वरून खाली.

"तुमचा अर्ज इथं आलेलाच नाही, बाई."

"एजंटने दिला ना. कुंडलिक नावाचा—"

"कुणीही दिलेला नाही. सापगावच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोन कर्जं दिलीत. कागद चांगले आहेत." मॅडमनी चष्मा लावला. "तुम्हाला कुठं सांगितलंय आणि कितीने?"

रुपाने सांगितलं. मॅडमनी एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे मांडले आणि कागद तिच्याकडे फिरवला. "आमच्याकडे नऊ टक्के, पंधरा वर्षं बदलणार नाही. महिन्याला दोन हजार पाचशे छत्तीस. तिकडे साडेदहाने दोन हजार सातशे त्रेसष्ट. महिन्याला दोनशे सत्तावीस जास्त. एकशेऐंशी महिने. चाळीस हजारांच्या वर गेले."

"मग त्याने असं का केलं? आम्ही त्याला काही वाईट—"

"तुम्ही काही केलं नाही. एजंटने कर्ज आणलं तर आम्ही अर्धा टक्का देतो. तुमच्या अडीच लाखांवर साडेबाराशे. त्या कंपनीत दोन टक्के देतात असं ऐकते. पाच हजार."

"म्हंजे पावणेचार हजार जास्त मिळावेत म्हणून?"

"त्याला पावणेचार. तुम्हाला चाळीस. कंपनी त्याला स्वतःच्या खिशातून थोडंच देते? ते तुमच्या व्याजातूनच येतं." मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "स्वतः अर्ज करा. पण तीन आठवडे लागतील. वकील बघणार, मग माणूस येऊन घर बघणार. त्याआधी होणार नाही, खोटं सांगत नाही."

संक्रांतीला बारा दिवस राहिले होते.

ती रात्रीच घरी पोचली. काळूराम अंगणात विस्तवाजवळ बसला होता. तिने पेन्सिलीचा कागद त्याच्या हातात दिला. त्याला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. तिने सगळं सांगितलं, अर्ज गेलाच नव्हता इथपर्यंत.

"त्याने गूळ खाल्लाय," काळूराम म्हणाला. पण या वेळी ते सांगणं नव्हतं, स्वतःलाच विचारणं होतं.

सकाळी दोघं मुरबाडला गेले. कुंडलिक टेबलाशी होता. काळूरामने पेन्सिलीचा कागद त्याच्यापुढे ठेवला.

"अर्ज बँकेत नेलास का?"

कुंडलिकने कागद वाचला. चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण तो घाबरला नाही, आणि तेच काळूरामला जास्त लागलं. "मामा, बसा. बँकेत तीन आठवडे लागतात. तुमची मुदत संपली असती. मी तुमचंच बघितलं."

"नाकारलं असं का सांगितलंस?"

"नायतर मॅडम थांबल्या असत्या."

"कंपनीने तुला किती दिले?"

"ते धंद्यातलं झालं."

"मी तुला गूळ दिला होता रे. तू माझा होतास."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. कुंडलिकचा आवाज चढला. "मामा, मी तुमच्याकडं काय मागितलं? एक पैसा नको म्हनालो होतो का नाय? मला कंपनी देते म्हनून तुमच्या घरात बसून सांगितलं होतं का नाय? तुमीच आलात, तुमीच हात उघडून पैसे ठेवलेत. मी म्हटलं म्हातारा मानूस, मन कशाला मोडा. गूळबीळ तुमच्या बैलांचं. माझ्या धंद्यात गूळ नसतो." त्याने ड्रॉवरमधून हजाराची नोट आणि वर एक रुपया काढून टेबलावर ठेवला. "घ्या. आता बोलायचं नाय."

काळूरामने पैशांकडे हात नेला नाही. रुपाने पुढे होऊन ते उचलले. "याच्या अडीचपट फी बुडालीय आमची," ती म्हणाली. "सोमवारी सह्या होणार नायत. माझे कागद दे. फोटोसकट."

"मॅडम, खालची खोली जाईल मग."

"कागद दे."

त्याने दिले. फोटो चार होते, तिने मोजून घेतले.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. काळूराम खिडकीशी बसला होता, उपरणं मुठीत आवळून. भात निघालेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती, पेंढ्याच्या उडव्या, मधे कुठं तरी वालाचा हिरवा पट्टा. कुंडलिकने म्हटलेलं त्याला उलटवता येत नव्हतं. पोरगा खोटं बोलला होता ते अर्जाबद्दल. बाकी सगळं त्याने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं, आणि काळूरामला ते पहिल्याच दिवशी कळलंही होतं. कळून त्याने स्वतःच्या हाताने झाकून टाकलं.

"बा," रुपा म्हणाली, "तू कधी दोन्हीकडनं घेतलंस का रे?"

गाडी दोन थांबे पुढे गेली. एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली, पाटी दोघांच्या पायांशी ठेवली.

"एकदा," काळूराम म्हणाला.

रुपाने त्याच्याकडे वळून बघितलं.

"कुठल्या साली ते इचारू नको."

तिने विचारलं नाही. पण तिला मोजता येत होतं. आपली डीएडची फी कुठल्या जानेवारीत, जत्रेच्या मागोमाग, अचानक भरली गेली हे तिला आठवत होतं, आणि तो बैल कुणाचा असेल, किती दिवस चालला असेल, हे ती पुढे पुष्कळ दिवस मनात घोळवत राहिली. मला विचाराल तर, म्हणूनच काळूरामने गुळावर इतका भार टाकला. जी गोष्ट आपण मोडली ती दुसरा कुणी मोडणार नाही, असं माणसाला फार वाटून घ्यावंसं वाटतं.

सोमवारी सह्या झाल्या नाहीत. अडीच हजारांची फी गेली. काळूराम शामशेठकडे गेला आणि तीन आठवडे मागितले. चाळीस वर्षं भाव पाडून मागणाऱ्या माणसाला अशी मुदत मागताना मान खाली घालावी लागली. शामशेठ वाईट नव्हता, पण रोख घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी खालची खोली गेली.

"तिसऱ्या मजल्यावरची देतो," तो म्हणाला. "किंमत तीच. वर हवा चांगली."

"हवेचे पैसे वेगळे लावले नायत ना?" काळूराम म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

रुपाने तिसरा मजला घेतला. माघाच्या शेवटी बँकेत सह्या होत्या. काळूरामही गेला. मॅडमनी कागद पुढे सरकवले, तेव्हा त्याने हात आडवा घातला.

"बाई, राग मानू नका. या कामाचं तुमाला काय मिळतं?"

रुपाने डोळे मिटले.

"पगार मिळतो," मॅडम म्हणाल्या. "कर्ज दिलं काय, नाही दिलं काय, तेवढाच."

"कोन देतं?"

"बँक."

"म्हंजे तुमी बँकेच्या."

"हो. मी बँकेचीच आहे, आजोबा. तुमच्या बाजूची तुमची मुलगी आहे. तिला सगळी पानं वाचू द्या, मला घाई नाही."

रुपाने सगळी पानं वाचली. नऊ टक्के जिथं जिथं लिहिलं होतं तिथं तिथं काळूरामने बोट ठेवून आकडा बघितला. पाच ठिकाणी होता. मग त्याने हात काढून घेतला.

पाडव्याला घराची किल्ली मिळाली. सकुबाईला रिक्षाने आणलं. खालच्या खोलीचं दार उघडं होतं. कुणाची तरी चप्पल बाहेर, आत कुकरची शिट्टी. मागच्या बाजूला तुळस लावलेली दिसत होती. सकुबाईने ते सगळं बघितलं आणि जिन्याकडे वळली. रुपा सामान घेऊन पुढे गेली होती.

पहिल्या वळणावर सकुबाई थांबली, भिंतीला टेकली. दुसऱ्या वळणावर पायरीवर बसलीच. खिडकीतून भातसा नदीचा पूल दिसत होता, पण ती पुलाकडे बघत नव्हती. पदराने तोंड पुसून म्हणाली, "किती झाल्या?"

"बावीस," काळूराम म्हणाला. "अजून चव्वेचाळीस."

"या पायऱ्या कोनापायी चढते मी?"

कुंडलिकचं नाव घेता आलं असतं. शामशेठचं घेता आलं असतं. वरून रुपाने दार ढकलल्याचा आवाज आला, रिकाम्या खोलीत तिची पावलं वाजली.

"माझ्यापायी," काळूराम म्हणाला.

सकुबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात असं उत्तर तिने ऐकलं नव्हतं, आणि ते खरं आहे की तिचं तोंड बंद करायला दिलेलं आहे, याचा ती अंदाज घेत असावी.

"मग हात दे," ती म्हणाली, आणि उठली.